गुणाचं पोट्टं

रायपूर,
१६ जानेवारी २००१

चि. सौ. माया हिस,
भावनाताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र यायची वाट न बघता मीच लिहायला बसले, कारण तू तिकडे भोपाळात जेवणखाण सोडून बसली असशील हे मला ठाऊक आहे. तर आधी तेच सांगते. यशू मजेत आहे.

परवा तू निघालीस तेव्हा तो झोपला होता हे फार बरं झालं. जागा असता तर तुझा पाय घराबाहेर पडला नसता, आणि छत्तीसगड एक्सप्रेस काही तुझ्यासाठी थांबली नसती. उठल्यावर त्यानं तुला शोधलं, खोटं कशाला सांगू. पलंगाखाली वाकून पाहिलं, दाराआड पाहिलं, न्हाणीचं दार थापटलं. मी सांगितलं की आई बाजारात गेली, आत्ता येते. मग दाराशी जाऊन बसला आणि दिवेलागणीपर्यंत रडला. काल थोडा कमी रडला. आज मुगाच्या खिचडीची वाटी संपवली आणि आमच्या श्यामरावांच्या खांद्यावर बसून रेल्वेच्या यार्डातली इंजिनं पाहून आला. दीड वर्षाचं लेकरू, त्याला किती दिवस आठवणार? मी माझी दोन अशीच वाढवली. बाहेर जायचं असलं की नजर चुकवून निघावं. निरोप घेत बसलं की आपल्याही जिवाला त्रास आणि पोराच्याही.

तुझा नवरा, आमचा देवीदास, काल येऊन गेला. तेलीबांध्याला ऑफिसातल्या दोघांबरोबर एका खोलीत राहतो, स्वतः तांदूळ शिजवतो आणि जे होतं त्याला भात म्हणतो. नवी राजधानी म्हणून सगळे मिरवतात, पण ऑफिसात पुरेशा खुर्च्या नाहीत. भोपाळहून ट्रकनं आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांवर बसून काम चाललंय म्हणे. मध्य प्रदेशाची दोन राज्यं केली आणि सरकारी नोकरांच्या वाटणीच्या यादीत नवरा इकडे नि बायको तिकडे, आता कोणाशी भांडणार? तुझी बदली होईपर्यंत पोट्टा माझ्याकडे. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

तो आत्याकडे आहे, परक्याच्या दारात नाही, एवढं मनात धर आणि दोन घास नीट खा. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद,
भावना


भोपाळ,
४ फेब्रुवारी २००१

ति. भावनाताईंना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं, मग घरी येऊन वाचलं, मग भाकरी करपेपर्यंत पुन्हा वाचत बसले. तुम्ही आहात म्हणून मी नोकरी करू शकते आहे, हे मी कधी विसरणार नाही. त्याला सांभाळणारी बाई गावी निघून गेली तेव्हा मी पंधरा दिवस त्याला ऑफिसात टेबलाखाली झोपवत होते. साहेबांनी तेही बंद केलं. दुसरा रस्ता नव्हता.

ताई, एक विचारते, हसू नका. तो आता अजिबात रडत नाही का? संध्याकाळी तरी? त्याला त्रास व्हावा असं कोणत्या आईला वाटेल? पण रोज वाटतं की तुमच्या पत्रात एक ओळ असावी, आज आई-आई करत होता अशी. तशी ओळ असली तर मी कोणीतरी आहे असं वाटेल. वेडेपणाच आहे. त्याची दुपटी मी अजून धुतलेली नाहीत, त्यांना अजून दुधाचा वास येतो.

बदलीचा अर्ज पुन्हा दिला. साहेब म्हणतात, अंतिम यादी लागेपर्यंत कोणालाच हलवता येणार नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी अकरालाच येते, चार दिवसांची रजा मिळेल. तोवर त्याला माझा फोटो दाखवत जा, एवढं माझं काम करा.

श्यामरावांना जयभीम सांगा. तुमचा हात माझ्या पाठीवर असाच राहू द्या.

आपली,
माया


रायपूर,
२३ एप्रिल २००१

चि. सौ. माया हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं. तू आलीस तेव्हा पोट्टा पूर्ण दिवस माझ्या पदराआड लपून राहिला आणि तुझं तोंड एवढंसं झालं, ते पाहून मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण तिसऱ्या दिवशी तुझ्या कडेवरून उतरायला तयार नव्हता की नाही? मूल ओळखतं गं. उगाच मनाला लावून घेतलंस.

आता तुझ्या जाण्याचं सांगते. मी त्याला मिरवणूक दाखवायला नेलं आणि तू मागच्या गल्लीनं स्टेशन गाठलंस, आपण ठरवलं तसं सगळं बेतशीर झालं. निळे झेंडे, ढोल, बुंदीचा लाडू, स्वारी खुशीत. घरी आल्यावर तुझी पर्स जिथं अडकवली होती त्या खुंटीकडे त्यानं एकदा पाहिलं. बस. मग ताटापाशी जाऊन बसला आणि जेवला. पलंगाखाली नाही, दारामागं नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या इंदूबाई म्हणतात, दीदी, असं गुणाचं पोट्टं पाह्यलं नाही, आमचं तर मी संडासात गेले तरी बोंबलते.

आता सगळ्यांकडे जातो. कोणीही उचललं की मान टाकून देतो. बोलायलाही लागला आहे. काही विचारलं की इथल्या लोकांसारखं हव म्हणतो, होकाराचं, आणि नाही हा शब्द अजून शिकलाच नाही. भाग्यवान आहेस. माझा थोरला या वयात नाहीशिवाय दुसरं बोलत नव्हता.

घरावर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसते, वाळत घातलेलं दुपटं संध्याकाळी पुन्हा धुवावं लागतं. बाकी ठीक. तिकडे एकटी आहेस, पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी,
भावना


भोपाळ,
११ डिसेंबर २००२

ति. भावनाताईंना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या ऑपरेशनचे टाके नीट भरले हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही अंथरुणावर असताना यशू गोंदियाला सासूबाईंकडे राहिला, तिथून हे त्याला माझ्याकडे सोडून गेले, आणि दिवाळीपासून तो माझ्यापाशी होता. किती वाट पाहिली होती मी या दिवसांची. आता तो परत तुमच्याकडे येतोच आहे, पण जे सांगायचं ते समोर सांगता येणार नाही म्हणून लिहिते.

ताई, तो मला आई म्हणतो. पहिल्या दिवशी म्हणाला तेव्हा मी रडले. दुसऱ्या दिवशी त्यानं घरमालकिणीला आई म्हटलं. मग पाळणाघराच्या बाईला, मग भाजीवालीला. तुमच्याकडे तुम्हाला मोठी आई म्हणतो, गोंदियाला सासूबाईंना आई म्हणत होता, हे मला माहीत आहे, त्याला कमी वाटू नये म्हणून तुम्हीच शिकवलंत आणि प्रेमानंच शिकवलंत. पण तो शब्द त्याच्या लेखी जी वाढते तिचा आहे. पाळणाघरात पहिल्या दिवशी बाकीची पोरं आयांच्या साड्या सोडत नव्हती. हा त्या बाईचं बोट धरून आत गेला आणि मागं वळून पाहिलं नाही. इतर बायका मला म्हणाल्या, आपका बच्चा कितना समझदार है. मी हसले आणि ऑफिसात जाऊन दिवसभर चुकीच्या रकान्यात आकडे भरले.

पाळणाघर बंद झालं तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला. मी यांना म्हटलं, या वेळी त्याला सांगून पाठवू या. हे म्हणाले, तीन वर्षांच्या पोराले काय समजते, काहून रडवतेस त्याले. हेच त्याला घेऊन निघाले; स्टेशनवर मी गाडीत त्याच्याजवळ बसले आणि पाणी भरून आणते म्हणून उतरले. खिडकीशी उभी राहिले, खांबाच्या मागे. गाडी हलली. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईनं त्याला बिस्किट दिलं होतं, तो तिच्या मांडीवर बसून ते खात होता. त्याची नजर मला शोधत नव्हती. मी मुद्दाम खांबाच्या पुढे आले, हात केला. त्यानं पाहिलं आणि फलाटावरच्या कोणत्याही माणसाला करावा तसा हात केला.

मला भीती वाटते. कसली ते सांगता येत नाही, कारण ज्याला सांगायला जावं तो मला नशीबवान म्हणतो. तुम्ही तरी तसं म्हणू नका.

तब्येत जपा. तुमच्याशिवाय मला बोलायला कोणी नाही, हे ध्यानात असू द्या.

आपली,
माया


रायपूर,
१९ ऑगस्ट २००४

चि. सौ. माया हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

देवीदासनं इंदूबाईंच्या फोनवरून तुला कळवलं असेलच. यशूचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर झालं आहे, काळजीचं कारण नाही असं हाडाचे डॉक्टर म्हणाले. पण कसं झालं ते देवीदासला माहीत नाही, ते मी सांगते.

शाळेत घसरगुंडीवरून पडला. सोमवारी पडला आणि आम्हाला बुधवारी कळलं. सोमवारी जेवताना डाव्या हातानं घास घेत होता. मी रागावले. मंगळवारीही तेच, तेव्हा मी त्याच्या डाव्या हातावर चापट मारली आणि म्हटलं, नीट जेव. त्यानं घास उजव्या हातात घेतला, माया. मोडलेल्या हातानं जेवला, आणि हूं की चूं केलं नाही. बुधवारी अंघोळ घालताना सूज दिसली.

प्लास्टर करणाऱ्यांनी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी त्याला विचारलं, दुखत होतं का. तो हव म्हणाला. कोणाला सांगितलंस, तर कोणाला नाही. बाईंनी त्याला बाहेर खेळायला बसवून मला विचारलं, हा आजवर कोणाकोणाकडे राहिला आणि प्रत्येक वेळी कसा सोडून आलात. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच ते लांबलचक वाटायला लागलं. त्या म्हणाल्या, दुखलं की मूल आपल्या माणसाकडे धावतं, रडून त्याला बोलावतं. बोलावून कोणी येत नाही असं वारंवार झालं की बोलावणं सोडतं. मग ते सगळ्यांकडे जातं, कारण कोणा एकाकडे जाण्यात त्याला काही अर्थ वाटत नाही. आपण त्याला शहाणं म्हणतो.

मला इतका राग आला की मी त्यांच्यापुढे बोलले, माझी दोन पोरं अशीच वाढली आणि नोकरीला लागली. त्या शांतपणे म्हणाल्या, ती तुमच्या घरात होती, तुम्ही संध्याकाळी परत येत होता. घरी आले तरी राग उतरला नाही. अजून उतरलेला नाही. फक्त आता तो कोणावर करायचा ते कळत नाही. गेल्या वर्षी बाजारात भनपुरीच्या एका अनोळखी बाईचं बोट धरून निघून गेला होता आणि तिनंच परत आणला, हे मी तुला हसत हसत लिहिलं होतं. तिला विचारत होता म्हणे, मले नेता का. ते पत्र असलं तर फाडून टाक.

दुसरं असं की श्यामरावांची नागपूरला बदली झाली आहे. दिवाळीनंतर आम्हाला जावं लागेल. बदलीची वाट पाहणं आता पुरे. बिनपगारी रजा घे, नोकरी सोड, काही कर, पण ये. मी त्याला कितीही जीव लावला तरी हात मोडला तेव्हा तो माझ्याकडेही धावला नव्हता.

तुझी,
भावना


भोपाळ,
६ ऑक्टोबर २००४

ति. भावनाताईंना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

ऑर्डर निघाली. रायपूरच्या एका बाईंना भोपाळ हवं होतं, मला रायपूर, आपसातली बदली मंजूर झाली. इतकी साधी गोष्ट, आणि जवळजवळ चार वर्षं गेली. कागद हातात घेऊन मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त खाली बसले.

तुमचं ऑगस्टचं पत्र वाचल्यापासून मी तुमच्यावर रागावले आहे, यांच्यावर रागावले आहे, आणि खांबामागे उभ्या राहिलेल्या बाईवर सर्वांत जास्त. पण अजून तो पाचच वर्षांचा आहे. मी रोज त्याला सांगून जाईन, सांगितल्या वेळेला येईन, कोणाच्याही हातात देणार नाही. मूल आहे, माती ओली आहे अजून, असं मी मला समजावते.

एकच मागणं आहे. नागपूरला जाताना त्याच्या तोंडावर सांगून जा. तो रडला तर रडू द्या. मी जवळ असेन.

आपली,
माया


नागपूर,
२ डिसेंबर २००४

चि. सौ. माया हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू तिथं होतीस, तरी लिहिते, कारण तुला सगळं दिसलं नाही. तू म्हटलं तसं मी केलं. आदल्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, यशू, मोठी आई उद्या नागपूरला राहायला जाते, तू आता तुझ्या आईजवळ राहशील. मी तयारीत होते, की आता ओरडेल, मारेल, गळ्यात पडेल. त्यानं ऐकून घेतलं, हव म्हणाला, आणि विचारलं की त्याचं ताट इकडच राहते का संग न्यायचं. मी रडायला लागले तर उठून पाण्याचा पेला घेऊन आला. मग माझं होईस्तोवर उभा राहिला, पेला परत न्यायला.

स्टेशनवर तो हमालाच्या गाडीची चाकं पाहत होता. तू त्याला माझ्याकडे बघ म्हणून सांगितलंस तेव्हा त्यानं पाहिलं. मी चार वर्षं त्याच्या अंगाला तेल चोळलं, माया, तापात रात्री बसून काढल्या. माझ्या हातचं खाल्ल्यावाचून तो राहत नाही असं मी जगाला सांगत होते. कोणाच्याही हातचं तो तसंच खातो, हे मला त्या फलाटावर कळलं.

घर लावून झालं नाही. मन लागत नाही. त्याचं काय चाललंय ते मात्र न चुकता कळव, आणि आम्हाला परकं करू नकोस.

तुझी,
भावना


तेलीबांधा, रायपूर,
२५ सप्टेंबर २००५

ति. भावनाताईंना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

बरेच दिवस तुम्हाला नुसती ख्यालीखुशाली कळवत राहिले. तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, आता तुझा झाला का गं तो? म्हणून आज नीट बसून लिहिते.

तो पहिलीत गेला. शाळेत हुशार आहे, बाई खूश आहेत. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. घरात अंथरुणाची घडी स्वतः करतो, पाणी घ्यायचं तरी विचारून घेतो. डब्यातलं बिस्किट मी दिल्याशिवाय घेत नाही. मी म्हटलं, राजा, तुझंच घर आहे, घेत जा. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे नेते. त्या म्हणतात, तुमचं बरोबर चाललंय, चालू ठेवा. किती दिवस म्हणून विचारलं तर त्या सांगू शकत नाहीत. कधी कधी होतं, कधी कधी काही राहून जातं, असं म्हणाल्या. त्यांचं खरं बोलणं मला आवडतं आणि घरी येताना तेलीबांध्याच्या तलावाजवळ बसून रडावं लागतं.

मी रोज सांगून जाते आणि सांगितल्या वेळी येते. जुलैत एकदाच चुकलं. विधानसभेचं अधिवेशन होतं, आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं टाईप करून दिल्याशिवाय कोणाला सोडेनात, हे बस्तरला दौऱ्यावर होते. घरमालकीण विमलाबाईंकडे निरोप दिला होता, पण त्या देवळात गेल्या नि विसरल्या. मी धावत घरी आले तर यशू पायरीवर बसलेला. बूट घातलेले, केस ओले करून विंचरलेले, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन शर्ट, दोन चड्ड्या, टॉवेल, आणि कागदात बांधलेला साबणाचा तुकडा. मला पाहून तो दचकला नाही की हसला नाही. त्यानं विचारलं, की त्याला न्यायला आता कोण येणार आहे, आणि ते घर दूर आहे का.

मी त्याला पोटाशी धरलं. म्हटलं, कोणी येणार नाही, मीच तुझी आई, तू इथंच राहायचं. तो हव म्हणाला. माझ्या मिठीत तो तसाच राहिला, जशी एखादी वस्तू धरलेली असते, आणि मी सोडल्यावर बाजूला झाला. मी पिशवीतले कपडे कपाटात लावले. त्यानं मला घड्या करायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा भरलेली होती, त्याच्या खाटेखाली. मी रिकामी केली, त्यानं भरली. न बोलता, रुसवा नाही, हट्ट नाही. एकदा मी रागानं ती माळ्यावर टाकली, तर तो जेवेना. इतक्या वर्षांत या पोरानं पहिल्यांदा काही नाकारलं, ते त्या पिशवीसाठी. मी ती खाली काढून दिली तेव्हा तो जेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या, त्याच्या हातात तेवढंच आहे.

तेव्हापासून ती खाटेखाली असते. झाडताना मी उचलते आणि परत तिथंच ठेवते. गेल्या आठवड्यात पाहिलं, तर तो उंच झाला आहे आणि त्यातले दोन्ही शर्ट त्याला आखूड झाले आहेत. मी बाजारातून मोठ्या मापाचे दोन आणले, धुतले, घडी केली आणि त्या पिशवीत भरले.

तुम्ही याल तेव्हा आधी तारीख कळवा आणि त्याच तारखेला या. जाताना कधी परत येणार तेही ठरवून या. श्यामरावांना जयभीम. आमची आठवण असू द्या.

आपली,
माया